आजोबांचं कोलेस्टेरॉल उतरवायचं आणि नातवाचं चढवायचं?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा चौदा महिन्यांचा, वजन साडेसहा किलो. जन्मला तेव्हा टाळूला फट होती, दोन्ही पायांची दुसरी-तिसरी बोटं जुळलेली होती, डोक्याचा घेर लहान होता. दूध ओढता येत नव्हतं, आजही नाकातल्या नळीने भरवावं लागतं. जनुक-तपासणीत डीएचसीआर७ या जनुकाच्या दोन्ही प्रतींत एकच बदल सापडला. आजाराचं नाव स्मिथ-लेमली-ऑपिट्झ. आई-वडील आते-मामे भावंडं. या तपासणीच्या आधी एका प्रयोगशाळेने याच मुलाचं कोलेस्टेरॉल ११८ दाखवून पुढे 'योग्य' असा शेरा मारला होता.

आई विचारते: कोलेस्टेरॉल योग्य होतं, तर ते कमी पडण्याचा आजार कसा? सासऱ्यांना कोलेस्टेरॉल उतरवायला रोज गोळी आणि नातवाचं वाढवा म्हणतात, हे काय गौडबंगाल? घर माळकरी, अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही, मग तूप वाढवून भागेल का? हा चालेल का, बोलेल का? पुढचं मूलही असंच होईल का? आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ: 'माझ्या भावाचं लग्न माझ्याच नणंदेशी ठरतंय.' ती ओळ मीही शेवटीच घेते, पण ती वाचून आधी पेन खाली ठेवलं होतं.

सुरुवात त्या ११८ पासून. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये कोलेस्टेरॉल मोजायला कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम वापरतात. ते रेणूच्या तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट ओळखतं, त्यावर क्रिया करतं, आणि पुढे जो रंग तयार होतो तो यंत्र मोजतं. अडचण अशी की तो गट काही फक्त कोलेस्टेरॉलवर नसतो. कोलेस्टेरॉल होण्याच्या एक पायरी अलीकडे जो कच्चा रेणू असतो, ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल, त्यावरही तो तसाच असतो. गव्हाचं पोतं खड्यांसकट काट्यावर ठेवलं तर काटा किलो सांगतो, गहू किती आणि खडे किती ते सांगत नाही. तुमच्या मुलाच्या ११८ मध्ये खडे किती होते ते त्या यंत्राला दिसणं शक्यच नव्हतं. खोटं कुणी लिहिलं नाही, चाचणीच त्या कामाची नव्हती. या आजाराच्या दहातल्या एखाद्या मुलात तर खडे वेगळे काढल्यावरही कोलेस्टेरॉल वयाच्या मानाने ठीक भरतं. म्हणून नुसत्या आकड्यावरून हा आजार 'नाही' म्हणू नये.

खडे वेगळे मोजायचे तर गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने स्टेरॉल्सचं, म्हणजे कोलेस्टेरॉल आणि त्याच्या भाईबंद रेणूंचं, पृथक्करण करावं लागतं. निरोगी माणसाच्या रक्तात ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल नावालाच असतं. या आजारात ते पन्नास-शंभर पटींपासून हजार पटींच्या पलीकडे जातं. जनुकाचा अहवाल तुमच्या हातात आहे, तरी ही चाचणी एकदा करून घ्याच. पुढचे उपचार किती लागू पडताहेत हे याच आकड्यावर कळणार आहे.

आता हे खडे येतात कुठून. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला कोलेस्टेरॉल लागतं आणि ते घरच्या घरी बनवता येतं. कच्चा माल अगदी साधा, दोन कार्बनचा अ‍ॅसिटेट. त्याचे तुकडे जोडत जोडत मेव्हलोनेट, मग स्क्वॅलीन नावाची लांब साखळी, मग ती साखळी स्वतःवर दुमडून चार कड्यांचं लॅनोस्टेरॉल, आणि मग त्यातले नको ते कार्बन छाटत, दुहेरी बंध इकडचे तिकडे करत शेवटी २७ कार्बनचं कोलेस्टेरॉल. पायऱ्या तीसच्या आसपास, आणि जवळपास प्रत्येक पायरीवर एक एन्झाइम, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातलं 'विकर', उभं. अगदी शेवटच्या पायरीवर डीएचसीआर७ हे एन्झाइम सातव्या-आठव्या कार्बनमधला दुहेरी बंध मोडतं. तुमच्या मुलात ते नीट चालत नाही. कारखाना सुरू आहे, मालही येतोय, पण शेवटच्या टेबलावरचा कारागीर गैरहजर. अर्धवट माल त्या टेबलावर साचत जातो.

यातली एक गंमत: हाच साचणारा रेणू त्वचेत ऊन लागलं की 'ड' जीवनसत्त्वाकडे वळतो. म्हणजे एरवी तो टाकाऊ अजिबात नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे.

१९६४ साली डेव्हिड स्मिथ, ल्यूक लेमली आणि जॉन ऑपिट्झ यांनी तीन मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं: लहान डोकं, झुकलेल्या पापण्या, वर वळलेल्या नाकपुड्या, मुलग्यांमध्ये मूत्रमार्गाचं तोंड खालच्या बाजूला. ऑपिट्झ त्या तीन कुटुंबांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला 'आरएसएच' म्हणत. त्याच वर्षी वैद्यकाचं नोबेल मिळालं कॉनराड ब्लॉख आणि फिओडोर लायनेन यांना, आणि तेही कोलेस्टेरॉल कसं बनतं आणि त्याचं नियमन कसं होतं यावरच्या कामासाठी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळायला एकोणतीस वर्षं गेली. १९९३ मध्ये मिरा आयर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या रक्तात हा साचलेला रेणू दाखवला, आणि १९९८ मध्ये जनुक हाती लागलं. एवढी वर्षं हा आजार 'जन्मजात व्यंगांचा एक संच' म्हणून फाइलमध्ये पडून होता. मी शिकत होते तेव्हाच्या पुस्तकातही तो तसाच होता.

यात जन्मजात व्यंगं का होतात, याचं उत्तर मला अजूनही थक्क करतं. गर्भात चेहरा, मेंदूचे दोन भाग, हातापायांची बोटं यांचा आराखडा आखणारं एक प्रथिन आहे, सॉनिक हेजहॉग (व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून पडलेलं नाव). या प्रथिनाला कोलेस्टेरॉलचा रेणू रासायनिक बंधाने चिकटवला जातो हे १९९६ साली सिद्ध झालं. त्याचा निरोप पलीकडच्या पेशीत पोचवणारं स्मूदन्ड नावाचं प्रथिनही कोलेस्टेरॉलवर अवलंबून असतं. अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये मेंढ्यांनी गाभण असताना व्हेराट्रम नावाची रानवनस्पती खाल्ली की एकाच डोळ्याची कोकरं जन्मायची. त्या वनस्पतीतलं विषही याच स्मूदन्डवर बसतं. तेव्हा बोटं जुळणं, टाळू दुभंगणं, हृदयाच्या पडद्यात छिद्र राहणं ही सुटी सुटी संकटं नव्हेत. निरोप अर्धवट पोचल्याच्या खुणा आहेत. आणि हे सगळं गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत घडून जातं. तुम्ही काय खाल्लं, कुठे पडलात, ग्रहण पाहिलं का, यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. घरात कुणी तसं बोलत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

बोटांबद्दल एक सावधगिरी. दुसऱ्या-तिसऱ्या बोटांत पातळ पडदा असलेली ठणठणीत माणसं पुष्कळ आहेत, एकेका घराण्यातही असतात. नुसत्या बोटावरून कुणी घाबरू नये. पण बोटं जुळलेली, दूध ओढता येत नाही आणि डोकं लहान, असं त्रिकूट दिसलं तर मी स्टेरॉलची चाचणी लिहिल्याशिवाय मूल बाहेर सोडत नाही. या आजाराच्या शंभरातल्या पंच्याण्णवाहून जास्त मुलांत ती बोटं जुळलेली असतात, इतकी ती खूण पक्की आहे. आशियाई कुटुंबांत याच्या नोंदी कमी आहेत. उत्तर युरोपात मात्र एकच ठरावीक बदल शंभरातल्या साधारण एका माणसाकडे असतो. आपल्याकडे नोंदी कमी म्हणजे मुलं कमी, असं मी धरून चालत नाही. शोधलं नाही तर सापडत नाही.

नुकसान दोन तोंडांनी होतं, आणि तुमच्या पुढच्या सगळ्या निर्णयांची किल्ली इथेच आहे. एक, कोलेस्टेरॉल कमी पडतं. दोन, साचलेला रेणू स्वतःच उपद्रवी आहे. ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल ऑक्सिजनच्या मुक्त कणांशी कोलेस्टेरॉलच्या सुमारे दोनशेपट वेगाने बिघडतं, आणि त्यातून बनणारे पदार्थ पेशींना विषारी असतात. म्हणून 'कमी आहे ना, मग घाला' एवढ्याने भागत नाही.

याचा सगळ्यात सुंदर पुरावा तुमच्या आजारात नाही, त्याच्या एका चुलतभावंडात आहे. एनएसडीएचएल नावाच्या एन्झाइमचा दोष, चाइल्ड सिंड्रोम. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने तो बहुतेक मुलींतच दिसतो, कारण मुलगे गर्भातच दगावतात. शरीराचा एकच अर्धा भाग लालसर, खवल्यांनी भरलेला, आणि बरोबर मध्यरेषेवर, पट्टीने आखल्यासारखी सीमा. त्याच बाजूचा हात किंवा पाय आखूड. त्वचा बरी करायला नुसतं कोलेस्टेरॉलचं मलम लावलं तर पुरेसा उपयोग होत नाही. २०११ मध्ये डॉक्टरांनी त्या मलमात कोलेस्टेरॉलच्या जोडीला स्टॅटिन घातलं, म्हणजे वरच्या पायरीवर उत्पादन रोखणारं औषध, आणि त्वचा साफ होऊ लागली. एका हाताने पुरवठा, दुसऱ्या हाताने साचणाऱ्या मालाची आवक बंद.

दुसरा पुरावा औषध-व्यवसायाच्या इतिहासातला आहे आणि तितका सुंदर नाही. १९६० साली अमेरिकेत ट्रायपॅरानॉल नावाचं कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध बाजारात आलं. ते मार्ग शेवटाजवळ, डीएचसीआर२४ या एन्झाइमपाशी अडवायचं. कोलेस्टेरॉल उतरायचं खरं, पण डेस्मोस्टेरॉल नावाचा अलीकडचा कच्चा रेणू साचायचा. लोकांना मोतीबिंदू झाले, केस गळाले, कातडी माशाच्या खवल्यांसारखी झाली. १९६२ मध्ये ते मागे घ्यावं लागलं. डीएचसीआर२४ जन्मतःच बिघडलेली मुलंही असतात, फार थोडी. त्या आजाराला डेस्मोस्टेरोलोसिस म्हणतात आणि त्याची पहिली नोंद १९९८ ची आहे.

आता तुमच्या सासऱ्यांची गोळी. स्टॅटिन मार्ग अगदी सुरुवातीला अडवतं, एचएमजी-कोए रिडक्टेज या एन्झाइमवर. तिथे मागे जे उरतं ते पाण्यात विरघळणारं असतं, शरीर ते दुसऱ्या कामाला लावतं, त्यामुळे काही साचून राहत नाही. शिवाय यकृताला माल कमी पडला की ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, जास्त ओढून घेतं. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी पेनिसिलियमच्या बुरशीतून असा पहिला पदार्थ सत्तरच्या दशकात वेगळा केला. सासऱ्यांच्या रक्तवाहिन्यांना जो धोका आहे तो रक्तात फिरणाऱ्या जास्तीच्या एलडीएलचा. तुमच्या मुलाची अडचण पेशीच्या आतल्या कारखान्यात आहे. दोघांच्या अहवालात शब्द एकच छापलेला असतो, एवढंच. त्यांची गोळी नातवाच्या धास्तीने बंद करू नका. मला अशी काही घरं भेटली आहेत जिथे आजोबांनी 'पोराला मिळेना आणि मी उतरवतोय' म्हणून गोळी सोडून दिली.

गंमत अशी की हेच स्टॅटिन या आजाराच्या काही मुलांनाही देऊन पाहिलंय. सौम्य आजार असलेल्या मुलांवर सिम्व्हास्टॅटिनची एक लहान पण नीट आखलेली चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. साचलेल्या रेणूचं प्रमाण घटलं आणि चिडचिड कमी झाली. एन्झाइम थोडं तरी काम करत असेल तरच याला अर्थ आहे. जिथे ते जवळजवळ बंदच आहे तिथे आधीच तुटपुंजं असलेलं कोलेस्टेरॉल आणखी खाली जायचा धोका. तुमच्या मुलाचा बदल कोणत्या गटात बसतो ते पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. सासऱ्यांच्या डबीतली अर्धी गोळी मोडून देऊन पाहू नका. हे लिहावं लागतं, कारण असं झालेलं आहे.

अंड्याचा प्रश्न. या मुलांना कोलेस्टेरॉल साधारण दर किलो वजनामागे दिवसाला ५० ते १०० मिलिग्रॅम, कधी त्याहून जास्त देतात. साडेसहा किलोला ते ३२५ ते ६५० मिलिग्रॅम झालं. कोंबडीच्या एका अंड्याच्या बलकात १८०-२०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे साधारण दोन ते साडेतीन बलक. तुपाच्या एका मोठ्या चमच्यात पस्तीस-चाळीस. ६५० ची मात्रा गाठायला रोज सोळा ते एकोणीस चमचे तूप लागेल, आणि ते नळीवाटे या बाळाच्या पोटात घालणं म्हणजे त्याला जुलाब लावणं. गाईच्या दुधात शंभर मिलिलिटरला दहा-चौदा मिलिग्रॅम. वनस्पतीजन्य पदार्थांत, शेंगदाण्याच्या तेलापासून नारळाच्या दुधापर्यंत, नगण्य. बाजारातली बाळांची बरीच पावडर दुधं वनस्पती तेलांवर बनवलेली असतात, तीही या बाबतीत कोरडीच. आईच्या दुधात मात्र असतं, ते अजून येत असेल तर काढून नळीने द्या.

म्हणजे तुपाने भागणार नाही, आणि अंडं नको असेल तर उरतं शुद्ध कोलेस्टेरॉलची भुकटी, तेलात किंवा पाण्यात कालवून. ती बहुधा मेंढीच्या लोकरीच्या मेणातून काढतात, मेंढीला न मारता. माळकरी घरांत मी हे स्वच्छ सांगते आणि निर्णय त्यांच्यावर सोडते. एका आजोबांनी विचार करून उत्तर दिलं होतं, 'घोंगडी चालते तर हेही चालेल.' अंडं चालणाऱ्या घरांनी कच्चा बलक कधीच घालू नये. उकडून, कुस्करून, गाळून. या मुलांना साल्मोनेलाचा जुलाब परवडत नाही.

याचा उपयोग काय होतो? वाढ थोडी सुधारते, उन्हाचा त्रास कमी होतो, जंतुसंसर्ग कमी होतात असं आम्ही पाहतो. वर्तनाबद्दल आई-बाबा फार आशेने सांगतात, पण दोन गटांची तुलना करून केलेल्या अल्प मुदतीच्या अभ्यासात वागण्यात फरक दिसला नाही. कारण सरळ आहे. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, पण शरीरातलं वीस-पंचवीस टक्के कोलेस्टेरॉल त्याच्यात असतं, आणि ते सगळं मेंदूने स्वतः बनवलेलं असतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल मेंदूच्या रक्तपडद्यापलीकडे जात नाही. पोटातून घातलेलं कितीही शुद्ध असलं तरी त्या दारावरून परत फिरतं. म्हणून 'पूरक द्या, मूल शाळेत पहिलं येईल' असं सांगणारा कुणी भेटला तर त्याच्या फीचे पैसे वाचवा.

चालेल का, बोलेल का? बरीचशी मुलं उशिरा का होईना चालतात. बोलणं समजण्याच्या मानाने मागे राहतं. म्हणजे त्याला तुमचं जितकं कळतं तितकं तो बोलून दाखवणार नाही. तेव्हा त्याच्यासमोर त्याच्याबद्दल वाईट बोलू नका, आणि खुणांची भाषा आत्तापासून सुरू करा. कान आणि डोळे तपासून घ्या, कारण ऐकू कमी येत असेल तर बाकी सगळं वाया. वजनाच्या तक्त्याबद्दल एक महत्त्वाचं: ही मुलं मुळातच लहान चणीची असतात, त्यांच्यासाठी वाढीचे वेगळे तक्ते आहेत. अंगणवाडीच्या तक्त्यावरच्या हिरव्या पट्ट्यात आणायच्या हट्टाने नळीतून दूध वाढवत नेलं की ओकाऱ्या आणि चरबी वाढते, उंची वाढत नाही. नाकातली नळी फार दिवस राहणार असेल तर पोटावरून कायमची छोटी नळी बसवण्याचं मनावर घ्या. बहुतेक आया वर्षभर टाळतात आणि नंतर म्हणतात, आधीच का नाही केलं.

काही गोष्टी कागदावर लिहून मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवा. ऊन: उन्हातल्या यूव्हीए (अतिनील) किरणांनी काही मिनिटांतच अंग लाल होतं, आणि ही किरणं खिडकीच्या काचेतून आरपार जातात, त्यामुळे गाडीत काच वर केली म्हणजे झालं असं नाही. भूल: खालचा जबडा लहान असल्याने श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं, भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशी कळायला हवं. मोठा ताप किंवा शस्त्रक्रिया: कॉर्टिसॉल, म्हणजे ताण पेलायला लागणारं संप्रेरक, कोलेस्टेरॉलपासूनच बनतं, तेव्हा अधिवृक्क ग्रंथी ताण पेलतील का ते तपासायला हवं. अशा आणीबाणीत कोलेस्टेरॉल पटकन पोचवायला गोठवलेला ताजा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वापरतात. औषधं: पुढे झोप येत नाही, चिडतो म्हणून कुणी अ‍ॅरिपिप्राझोल, हॅलोपेरिडॉल किंवा ट्रॅझोडोन लिहिलं, तर थांबा. ही तिन्ही औषधं नेमकं डीएचसीआर७ लाच अडवतात, म्हणजे उरलासुरला कारागीरही बाहेर.

या घराण्यातले बाकीचे आजार तुम्हाला नाहीत, पण हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असतील म्हणून धावतं सांगते. ईबीपी या एन्झाइमचा दोष, कॉनराडी-ह्यूनरमान: मुलींत, त्वचेवर भोवऱ्यासारख्या रेषा, एक पाय आखूड, आणि बाळपणीच्या एक्स-रेत सांध्यांजवळ ठिपके, मूल मोठं झालं की ठिपके पुसले जातात, म्हणून एक्स-रे लवकर काढा. एससी५डी चा दोष, लॅथोस्टेरोलोसिस, तुमच्यासारखाच दिसतो, जोडीला यकृताचा त्रास. अगदी सुरुवातीच्या पायरीवरचं, स्टॅटिन जिथे बसतं तेच एन्झाइम जन्मतः अर्धवट असलं तर स्नायू झिजतात, हे २०२३ मध्ये कळलं. स्टॅटिनने काहींचे स्नायू का दुखतात याकडे मी तेव्हापासून जरा वेगळ्या नजरेने पाहते.

मेव्हलोनेट कायनेज या एन्झाइमच्या दोषावर मात्र क्षणभर थांबते, कारण तो आपल्या दवाखान्यांतून निसटतो. दर चार ते आठ आठवड्यांनी तीन ते सात दिवस कडक ताप, मानेला गाठी, पोटदुखी, आणि लस दिली की हमखास ताप. दर वेळी टायफॉइड म्हणून अँटिबायोटिक, दर वेळी ताप आपोआप उतरतो आणि श्रेय औषधाला जातं. कोलेस्टेरॉल यात साधारण ठीकच असतं. मेव्हलोनेटपासून फक्त कोलेस्टेरॉल बनत नाही, इतर काही साखळ्याही बनतात, आणि त्या कमी पडल्या की शरीरातली दाहाची यंत्रणा भडकते. तापाच्या दिवसातल्या लघवीत मेव्हलोनिक आम्ल शोधलं तर सापडतं, आणि इंटरल्यूकिन-१ हे दाह पेटवणारं प्रथिन रोखणारी औषधं लागू पडतात.

आणखी एक, बनण्यातला नव्हे तर वापरातला दोष: सीवायपी२७ए१ या एन्झाइमचा. कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं नीट बनत नाहीत आणि कोलेस्टॅनॉल हा त्याचाच भाईबंद रेणू साचतो. बाळपणी न थांबणारे जुलाब, शाळेच्या वयात मोतीबिंदू, विशीत टाचेमागच्या शिरेवर गाठ, मग चाल बिघडते, बुद्धी उतरते. यावर चीनोडीऑक्सिकोलिक आम्ल हे खरोखरीचं औषध आहे आणि ते लवकर सुरू केलं तर मेंदू वाचतो. शाळकरी मुलाचा मोतीबिंदू काढणाऱ्या प्रत्येक नेत्रतज्ज्ञाने 'लहानपणी फार जुलाब व्हायचे का?' एवढं विचारावं. या सगळ्या घराण्यात चुकवलेला परवडत नाही असा हा आजार.

आता पुढचं मूल. तुम्ही दोघंही वाहक आहात: एक प्रत चांगली, एक बिघडलेली, आणि तब्येत ठणठणीत. प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता आजाराची, चारात दोन वाहक, चारात एक पूर्ण मोकळं. 'एक झालं, आता पुढची तीन सुटली' असा त्याचा अर्थ नाही. फासा दर वेळी नव्याने पडतो. बदल माहीत असल्याने ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीक तुकडा घेऊन तपासता येतं. ते हुकलं तर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलातून जनुक आणि साचलेला रेणू, दोन्ही पाहता येतात. आपल्याकडे हे नोंदणीकृत केंद्रातच होतं आणि लिंग सांगितलं जात नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने गर्भपात करता येतो, पण तिथवर वेळ येऊ देऊ नका. पाळी चुकली की त्याच आठवड्यात फोन करा. काही जोडपी तपासणी नको म्हणतात. तेही मला मान्य आहे, फक्त मग बाळंतपण हृदयतज्ज्ञ आणि नवजात शिशुकक्ष असलेल्या ठिकाणी करा.

आणि ती जाता जाता लिहिलेली ओळ. तुमच्या सासूबाई आणि तुमचे वडील सख्खी भावंडं. तुमच्या मुलात दोन्ही प्रतींवर एकच बदल आहे, म्हणजे तो बहुधा त्यांच्या आई-वडिलांपैकी एकाकडून दोघांकडे उतरला, आणि तिथून तुमच्या नवऱ्याकडे आणि तुमच्याकडे. मग नणंदेकडे तो असण्याची शक्यता निम्मी, तुमच्या भावाकडेही निम्मी. दोघं वाहक निघण्याची शक्यता चारात एक, आणि त्यांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची आजच्या घडीला सोळात एक. साटंलोटं मोडा असं मी म्हणत नाही. ते माझं काम नाही, आणि नात्यातलं लग्न हे या आजाराचं कारण नव्हे, लपलेला बदल समोरासमोर येण्याची ती वाट आहे. पण बदल नेमका कोणता ते माहीत आहे, त्यामुळे सगळी जनुकं चाळायची गरज नाही, फक्त तेवढी एक जागा पाहायची. दोघांचं थोडं थोडं रक्त पुरतं. दोघांपैकी एकाचा जरी अहवाल मोकळा आला तरी त्यांच्या मुलांपुरता हा धोका जवळजवळ संपला. दोघंही वाहक निघाले तर मी आत्ता तुम्हाला सांगितलं तेच त्यांना सांगेन, फक्त त्यांच्या हातात ते लग्नाआधी असेल. मुलाच्या जनुक-अहवालात डीएचसीआर७ पुढे जी अक्षर-आकड्यांची ओळ छापली आहे, तिचा फोटो काढून दोघांना पाठवा आणि रक्त द्यायला जाताना तो दाखवायला सांगा. ती ओळ नसेल तर प्रयोगशाळेला काय शोधायचं तेच कळत नाही.